भिंतीपलीकडून आधी येणारा सिक्सर

आमच्याकडे साधी चहाची गाळणी घ्यायची म्हटली तरी नागपूरचा अर्धा इतवारी बाजार पालथा घालावा लागतो. माझ्या नवऱ्याचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. सासरे जन्मभर मागावर बसले. ह्यांनी मागाला हात लावला नाही, वीज खात्यात टेबलखुर्चीवर बसून रिटायर झाले, पण कापड पारखायची खोड काही गेली नाही. वस्तू कोणतीही असो, हातात आली की हे आधी तिचा काठ पाहणार, मग उलटी करणार, मग नखानं खरवडणार आणि मग दुकानदाराला म्हणणार, "याच्यापेक्षा बरं दाखवा ना." तो बिचारा बरं दाखवतो. त्यावर हे मान डोलावतात, "पाहून येतो" म्हणतात आणि शेजारच्या दुकानात शिरतात. मागून पिशवी सांभाळत मी. आमचा कुकर असा आला, मिक्सर असा आला, आणि खरं सांगू का, मीही अशीच आले. मला पाहून गेल्यावर ह्यांनी आणखी मुली पाहिल्या होत्या. लग्नानंतर नणंदेनं मोठ्या प्रेमानं सांगितलं.

तर अशा माणसानं एका सकाळी जाहीर केलं, की आता आपल्या घरी इंटरनेटवरचा टीव्ही लावायचा. मी तेव्हाच बॅग भरून माहेरी निघून जायला पाहिजे होतं.

पण मुळात ही वेळ का आली, ते आधी सांगते. आमच्या घरी टीव्ही होता, चांगला मोठा, भिंतीवर टांगलेला. पण केबल आम्ही घेतलीच नव्हती, त्यामुळे त्यावर मॅच कधी पाहिली गेली नाही. मॅच पाहायची ती शेजारी, भाऊजींकडे. भाऊजी म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघं उमरेडहून एकाच एसटीनं नागपूरला शिकायला आले, हे वीज खात्यात लागले, ते पोस्टात लागले, आणि पुढं ठरवून शेजारीशेजारी फ्लॅट घेतले. आमच्या हॉलची आणि त्यांच्या हॉलची भिंत एकच. इकडं खिळा ठोकला की तिकडचं कॅलेंडर हलतं.

त्या घरात मॅच पाहायचे नियम होते बाप्पा! देवळातसुद्धा एवढे नसतात. भाऊजी कूलरजवळच्या लाकडी खुर्चीत, हे दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत. एकदा आपल्या टीमचं बरं चालू झालं, की ज्यानं त्यानं होता तिथं राहायचं. जो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तेवढ्यात चौका बसला, तो स्वयंपाकघरातच उभा. एकदा भाऊजींची बायको चिवड्याचा ट्रे घेऊन दारात आली आणि त्याच वेळी सिक्सर बसला. झालं. "हलू नको वं, हलू नको!" ती बिचारी ट्रे धरून दारातच उभी, हात भरून आले तरी. मी हसून हसून बेजार व्हायची. मी म्हणायची, "तिकडं अकरा पोट्टे उन्हात घाम गाळून राहिले, अन् जिंकवून कोण राहिलं, तर हे दोघं, चिवडा खाऊन!" दोघंही माझ्याकडे असं पाहायचे, जसं काही मी आरतीच्या मधे बोलले.

मग ती मोठी मॅच आली. हॉलमध्ये बिल्डिंगमधले आणखी चारपाच जण होते. आपली जोडी झकास जमली होती. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. आमची मुलगी बंगलोरला असते, तिचा. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून हे उठून गॅलरीत गेले. पोरीशी बोलून परत येईस्तोवर जोडी फुटली होती. मग एकामागून एक सगळेच आऊट झाले. मॅच हातची गेली. आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पनौती आहे बे तू. जागा सोडली तू, म्हणून गेली मॅच. माह्या घरी येत नको जाऊ पाहाले."

ह्यांनी चिवड्याची प्लेट खाली ठेवली, चपला घातल्या आणि घरी आले. मी दार उघडलं तर चेहरा पांढराफटक. म्हणाले, "माह्या पोरीचा फोन होता वं. पोरीचा फोन नाही उचलाचा का माणसानं?" तिकडं भाऊजींचं म्हणणं, "जागेवर बसून नव्हता उचलता येत?" दोघांचे केस पांढरे, दोघांना पेन्शन चालू, आणि भांडण कशावरून, तर खुर्चीवरून उठलं म्हणून. दुसऱ्या दिवशी भाऊजींची बायको आणि मी गॅलरीत भेटलो, एकमेकींकडे पाहिलं, आणि आमच्या भाजीच्या वाट्यांची देवाणघेवाण आहे तशीच चालू ठेवायची ठरवलं. ह्या दोन खुळ्या भैताडांसाठी आम्ही काहून उपाशी राहायचं?

पहिले आठ दिवस मला गंमत वाटली. पण अबोला महिन्यांवर गेला, तशी गंमत संपली. हे सकाळी फिरायला जाईनात, कारण ते दोघं मिळून जायचे आणि येताना ठेल्यावर तर्री-पोहे हाणून यायचे. एकट्यानं पोहे खायला ह्यांना लाज वाटायची. दिवसभर पेपर घेऊन बसायचे, तोच पेपर, तेच पान. जिन्यात भाऊजी दिसले की हे वर चढता चढता मोबाईलमध्ये पाहायचे, आणि मोबाईल बंद असायचा. मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. नवीन मित्र करायचं वय राहिलं नव्हतं, आणि केले असते तरी त्या नवीन माणसाला उमरेडची बस कुठून आठवली असती? हे माणूस गमावून बसले, हे मला स्पष्ट दिसत होतं. ह्यांनाही दिसत होतं. म्हणूनच तर त्या दिवशी एवढ्या जोरात म्हणाले, "कोणाच्या दारात जाची गरज नाही आपल्याले. आपली मॅच आपल्या घरी."

आणि ह्यांचं पारखणं सुरू झालं.

सुरुवात धरमपेठेतल्या शोरूमपासून. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं आम्हाला स्मार्ट टीव्ही दाखवला. इंटरनेट टीव्हीच्या पोटातच. त्यात रिमोटला तोंडानं सांगितलं की टीव्ही ऐकतो. ह्यांनी टीव्हीचा काठ पाहिला, मागं वाकून पाहिलं, नखानं खरवडायला गेले तेव्हा तो माणूस "सर, सर" करत मधे आला. मग हे रिमोटला म्हणाले, "मॅच लाव ना गा." टीव्हीनं एका साडीच्या सेलची जाहिरात लावली. हे म्हणाले, "पाहून येतो."

दुसऱ्या दुकानात कळलं, की नवा टीव्ही घ्यायची गरजच नाही. बोटाएवढी एक कांडी मिळते, ती जुन्या टीव्हीच्या मागं खुपसायची, वायफायला जोडायची, की जुना टीव्ही स्मार्ट. तिसऱ्यानं सांगितलं, कांडी काय घेता, इंटरनेटवाल्यांचाच डबा घ्या, वायर थेट डब्यात. बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं, काहीच घेऊ नका, मोबाईलवर मॅच लावा आणि ती टीव्हीवर फेका. मी विचारलं, "फेका म्हणजे?" म्हणाले, "मोबाईलमधून उडून टीव्हीवर जाते." मुलगी फोनवर रोज कपाळ बडवायची, "बाबा, एक कांडी घ्या, मागं लावा, विषय संपला." हे म्हणायचे, "असा कसा संपते विषय? पाहा तर लागते ना." विषय संपवायचा नव्हताच ह्यांना. विषय संपला असता तर दिवसभर केलं काय असतं?

शेवटी कांडी आली. फायबरची वायर खांबावरून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये आली. ज्या संध्याकाळी पहिली मॅच लागली, तेव्हा मलाही मान्य करावं लागलं, की चित्र काय सुरेख होतं! खेळाडूच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा. हे आपल्या सोफ्यावर राजासारखे बसले होते. बॉलर धावायला लागला. आणि भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज आला, "आऽऽऊट!"

आमच्याकडे बॉलर अजून धावतच होता.

मग त्यानं बॉल टाकला, बॅट फिरली, दांडी उडाली. हे टीव्हीकडे पाहत होते, मग भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढा पडलेला चेहरा मी ह्यांचा प्रमोशन हुकलं तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. भिंत आधी ओरडायची आणि टीव्ही मागून दाखवायचा. मी माझ्या हिशोबानं मोजलं. फोडणीत मोहरी टाकावी आणि ती तडतडून शांत व्हावी, एवढा वेळ भाऊजी आमच्या पुढं होते. मुलीनं समजावलं, "बाबा, त्यांच्याकडे केबल आहे. तुमचं इंटरनेटवरून येतंय, ते थोडं मागं राहणारच." ह्यांना पटलं नाही, आणि भाऊजींसारखी केबल घ्यायची तर मुळीच नाही. ह्यांच्या मते काहीतरी चुकीचं घेतलं गेलं होतं. आणखी चार दुकानं पाहायला पाहिजे होती.

त्यानंतर आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. कांडी काढून मोबाईलवरून फेकून पाहिलं, तर मोहरीच्या जागी पूर्ण कांदा परतून होईल एवढा उशीर. मोबाईल वायरनं जोडून पाहिला, तेव्हा उशीर जरा कमी झाला, पण नेमका माझ्या बहिणीचा फोन आला आणि सिक्सरच्या जागी टीव्हीभर माझ्या बहिणीचा फोटो. इंटरनेटवाल्यांचा डबा आणला, त्यात मधूनच गोल चकरी फिरायला लागायची आणि आपला खेळाडू बॅट वर करून तसाच पुतळा. मग हे म्हणाले, दोष राउटरचा आहे, जागा चुकली. राउटर आधी गोदरेजच्या कपाटामागं होता, तिथून फ्रिजवर गेला, फ्रिजवरून बुटांच्या रॅकवर, आणि एक दिवस पाहते तर देवघराच्या फळीवर, बाळकृष्णाच्या डोक्यावर हिरवे-लाल डोळे मिचकावत बसलेला! तिथं मात्र मी पदर खोचला. म्हटलं, "एकतर हा राहील तिथं, नाहीतर मी." ह्यांनी दोन्हींचा विचार केला, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

आणि पलीकडं भाऊजी कमी नव्हते. आपण पुढं आहोत, हे त्यांना दोनच दिवसांत कळलं. मग त्यांचा ओरडा वाढला. नुसतं "आऊट" नाही, तर "कॅच गेला बे कॅच! स्लिपमधी!" असं पूर्ण वर्णन. त्यांच्या बायकोनं मला गॅलरीत सांगितलं, "अवं, विकेट पडली की ते खुर्चीतून उठतात, भिंतीपाशी जातात, तोंड लावून ओरडतात, अन् परत येऊन बसतात." मी म्हटलं, "अन् जागा सोडली तर मॅच जाते ना?" ती म्हणाली, "भिंतीपर्यंत चालते म्हणे. नवा नियम." आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. पण नंतर भांडी घासताना मला वाटलं, हा कसला अबोला आहे? दिवसभर एक शब्द नाही, आणि संध्याकाळ झाली की भिंतीतून सगळी मॅच सांगायची.

ह्यांनी कानात कापूस घातला. कूलर फुल्लवर सोडला. काही उपयोग झाला नाही, कारण कापूस घातल्यावरही हे टीव्हीपेक्षा भिंतीकडेच जास्त पाहायचे. भिंत काही बोलली का, हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचे. मी मुद्दाम भुवया उडवायची.

ह्या सगळ्या खटाटोपात हे इंटरनेट टीव्हीचे मोठे जाणकार झाले. बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या घरी जाऊन कांडी बरी की डबा बरा, राउटर कुठं ठेवावा, वायर कोणती घ्यावी, यावर तासन् तास बोलायचे. लोकांना पटायचं की लोक कंटाळून हो म्हणायचे, देव जाणे, पण पाहता पाहता सगळ्या बिल्डिंगनं केबल सोडली. एकटे भाऊजी तेवढे केबलवर राहिले. हे म्हणाले, "राहू दे त्याले जुन्या जमान्यात." आवाजात तोरा होता, पण त्याच्यामागं काय होतं ते मला ठाऊक होतं. सगळ्या बिल्डिंगला शिकवून झालं, आणि जिथं शिकवायची खरी हौस होती तेच एक दार बंद होतं.

मग भाऊजींची बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "त्यांच्यावर लक्ष ठेवा वं. शुगर आहे, अन् गोड दिसलं की सुटतात." मी रोज दुपारी भाऊजींना जेवणाचा डबा द्यायची. ते संध्याकाळी धुऊन दाराशी ठेवायचे. हे पेपरमधून डोकं न काढता विचारायचे, "खाल्लं का?" मी म्हणायची, "कोणी?" "नाही, डबा आला का परत, म्हणून विचारलं." डब्याची एवढी काळजी ह्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

त्या संध्याकाळी मॅच मोठी होती. हे जेवणही नंतरच म्हणाले. मी गॅसवर वांग्याची भाजी मंद ठेवून हॉलमध्ये सोफ्यावर लसूण सोलत बसले होते. आपली बॅटिंग होती, जोडी जमत आली होती. आणि अचानक सिक्सर बसला. भिंत काही बोलली नव्हती.

हे सोफ्यावरून उडालेच. "आलं! आधी आपल्याकडं आलं! मी म्हटलं होतं ना वं, राउटर खिडकीपाशी ठेवला की फरक पडते! हरला तो, हरला!" हॉलमध्ये गोल फिरले, माझ्या लसणाच्या ताटलीला पाय लागला. इतक्या महिन्यांत ह्यांना असं खुश मी पाहिलं नव्हतं. पुढच्या ओव्हरला चौका बसला. भिंत गप्प. ह्यांनी पुन्हा मूठ उडवली, पण अर्धवटच. हळूहळू खाली बसले.

"पाह्य ना," म्हणाले, "आपण पुढं असू, तर त्याचा ओरडा मागून याले पाहिजे. मागून बी नाही आला."

मी म्हटलं, "टीव्ही बंद असेल."

"मॅच आहे अन् त्याचा टीव्ही बंद? स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्यात खिशात रेडिओ घेऊन बसला होता तो." ह्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. कूलर बंद केला. मग उठून भिंतीपाशी गेले आणि कान लावला. मीही लसूण सोलायचं थांबवलं. पलीकडून काही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, भांडं नाही, काही नाही.

"स्कूटर खालीच आहे त्याची," हे पुटपुटले. "वहिनीही नाहीत घरी. त्याले शुगर आहे वं." आणि तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी डबा परत आला नव्हता. मी विसरूनच गेले होते. तोंडातून निघून गेलं, "आज डबा नाही आला हो."

ह्यांनी पुढचं ऐकलंच नाही. अनवाणी धावले. ज्या उंबऱ्याकडे इतके महिने वळून पाहिलं नव्हतं, तिथं जाऊन दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. दार नुसतं लोटलेलं होतं. धाडकन उघडलं. मी मागोमाग, हातात लसणाची गड्डी तशीच.

आत अंधार. टीव्ही बंद, कूलर बंद, भट्टीसारखं गरम. आणि भाऊजी बनियनवर, घामानं निथळत, आपली लाकडी खुर्ची भिंतीला लावून बसलेले. हातात स्टीलचा ग्लास. ग्लासाचं तोंड भिंतीला आणि बुडाला कान.

त्यांनी मान वळवली. ह्यांना पाहिलं. आणि इतक्या महिन्यांनंतर पहिले शब्द काय बोलावेत माणसानं?

"उठून काहून आला बे तू?" भाऊजी खेकसले. "जोडी जमली होती ना!"

हे दाराची चौकट धरून उभे. मग म्हणाले, "मेला नाही ना बे तू?"

"मरतो कायले? आवाज काहून बंद केला तुनं? मघापासून काहीच समजून नाही राहिलं मले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बाजूनं हे कान लावून उभे होते आणि त्यांच्या बाजूनं ते कान लावून बसले होते. एकाच भिंतीला. दोघंही ऐकत होते, म्हणून दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि लसणाच्या हातानं पुसायला गेले तर आणखीच आलं.

"टीव्ही काहून बंद आहे?" ह्यांनी विचारलं.

"केबलवाला वायर काढून घेऊन गेला. म्हणे, एका घरासाठी नाही परवडत. सगळ्या बिल्डिंगले तूच तर शिकवलं, कांडी लावा, डबा लावा. घे आता!"

"कधी?"

"झाले असतील चारसहा दिवस. त्यानंतर आजचीच पहिली मॅच."

"मंग मले सांगाचं ना भैताडा! एका घंट्यात लावून देलं असतं."

"तू?" भाऊजी म्हणाले. "एका घंट्यात?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली. खोटं कसं बोलणार?

मग भाऊजी ग्लासाकडे पाहत राहिले. आवाज जरा खाली आला. "सांगू कोणाले? असं काही झालं की मी तुलेच सांगत होतो. अन् बोलणं तुह्याशीच बंद." ह्यांनी नाक ओढलं. मी दुसरीकडे पाहिलं. कोपऱ्यात टेबलावर माझा डबा होता, रिकामा, धुतलेला. मॅचच्या नादात दाराशी ठेवायचा राहिला होता.

मी म्हटलं, "भाऊजी, चला ना आमच्याकडे. एवढा मोठा टीव्ही लावून ठेवला आहे ह्यांनी, एवढी दुकानं हिंडून. सोफ्यावर बसून पाहा दोघं."

"नाही नाही!" दोघंही एकदम ओरडले. भाऊजी म्हणाले, "मी इथं बसलो होतो तेव्हाच सिक्सर बसला, वहिनी. ग्लासातून ऐकला मी. आता नाही हलाचं. अन् तू," ह्यांना म्हणाले, "आलाच आहे तर बस तिथंच. आता परत जाशील तर नक्कीच विकेट जाईल."

दाराजवळ ती वेताची खुर्ची होती, नेहमीच्याच जागी. तिच्यावर टॉवेल घडी करून ठेवला होता. भाऊजींनी बसल्या बसल्या हात लांबवून तो उचलला. हे खुर्चीजवळ गेले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"अन् पोरीचा फोन आला तर?" ह्यांनी विचारलं.

भाऊजींनी टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"तर इथंच उचलजो," म्हणाले. "मले बी दे. मी बी बोलीन तिच्याशी. किती दिवस झाले, काका म्हणाली नाही मले पोट्टी."

हे बसले. खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि भिंतीला कान लावला. भाऊजी मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, आवाज वाढवा! फुल्ल करा, फुल्ल!"

मी घरी आले. रिमोट घेतला, आवाज सुरू केला आणि वाढवत गेले, वाढवत गेले, पार शेवटपर्यंत. खिडकीची काच थरथरायला लागली. आणि सोफ्यावर, मघाशी बसले होते तिथंच, जाऊन बसले. धरमपेठेपासून इतवारीपर्यंत सगळी दुकानं पालथी घालून, कांडी आणि डबा आणि वायरी लावून, राउटर घरभर फिरवून उभा केलेला तो टीव्ही, आणि त्याच्यासमोर मी एकटी, जिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

बॉलर धावायला लागला. सवयीनं मी भिंतीकडे पाहिलं. भिंत गप्प होती. त्यानं बॉल टाकला, आपल्या पोट्ट्यानं बॅट फिरवली, बॉल उंच उंच गेला, गर्दीत जाऊन पडला, आणि त्याच क्षणी पलीकडून दोघांचा ओरडा आला. आधी नाही, मागून नाही, सिक्सर आणि ओरडा एकदम. ज्यासाठी ह्यांचं सारं नागपूर हिंडून झालं होतं ते असं जुळून आलं, आणि हे घरी नव्हते पाहायला. भिंतीतून भाऊजी ओरडत होते, "हलू नको बे, हलू नको!" आणि ह्यांचं ते जुनं हसणं ऐकू येत होतं, खोकल्यासारखं, मी विसरत चालले होते ते.

स्वयंपाकघरातून वांग्याची भाजी खाली लागल्याचा वास यायला लागला. चांगलाच यायला लागला. पण मी होते तिथंच बसून राहिले. सिक्सर बसला तेव्हा मी ह्याच जागी होते.